मास्तरांनी सोसणं सोडलं

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे. पितळेचा, तीन बटणांचा आणि कर्ण्यावर एक पोचा असलेला. हा पोचा ढोल्याची कृपा. ढोल्या म्हणजे आमच्या बँडमधला ढोलवाला. खुर्चीवर मी आहे हे न बघताच तो बसला. बसणाऱ्याचं वजन आणि माझी अवस्था, दोन्हींची कल्पना तुम्हीच करा.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. कारागिरानं पत्रा तापवला, ठोकला, वाकवला. मार तर इतका खाल्ला की विचारू नका. पण शेवटी त्यानं मला ओठांना लावून फुंकर मारली आणि माझ्या पोटातून पहिला सूर निघाला, तेव्हा सगळा मार विसरलो. मग बँडमास्तर मला घेऊन गेले आणि मी त्यांचाच झालो.

रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर आमचा कार्यक्रम असे. मास्तर वाजवू लागले की बाबागाडीतली बाळं रडायची थांबत आणि बाकावर पेंगणारे आजोबा जागे होत. टाळ्या मास्तरांना मिळत, पण उन्हात चमकायचो मी! मास्तरांचा एक स्वभाव मात्र होता. ते कधी तक्रार करत नसत. एकदा दाढ ठणकत असताना त्यांनी अख्खा कार्यक्रम वाजवला. मास्तरांच्या बायकोला बँडमधले सगळे वहिनी म्हणत. वहिनी कौतुकानं सांगत, "आमचे हे म्हणजे दगड आहेत, दगड!"

आणि मग मास्तरांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर केमो सुरू झाली. म्हणजे ठरावीक दिवसांनी दवाखान्यात जाऊन शिरेतून औषध घ्यायचं. माझी पेटी कपाटावर गेली. तिच्या झाकणाची कडी तुटली होती, त्यामुळे फटीतून मला घर दिसे.

पहिल्या औषधानंतर मास्तर घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. उलट्या थांबेनात. तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोट घेतानाही ते डोळे मिटून घेत.

"दवाखान्यात फोन करू का?" वहिनींनी विचारलं.

"नको गं. औषध जहाल आहे, त्रास व्हायचाच. त्रास होतोय म्हणजे लागू पडतंय."

"अहो, पण दोन घास तरी पोटात जायला हवेत ना?"

"सोसेन मी. आजवर सोसलंच की."

एका सकाळी त्यांच्या अंगात ताप भरला. मास्तरांनी वहिनींना न सांगता गुपचूप तापाची गोळी घेतली. ताप उतरल्यासारखा वाटला. पण संध्याकाळी हुडहुडी भरली आणि मास्तर दारातच कोसळले. वहिनींची हाक ऐकून ढोल्या गाडी घेऊन धावत आला. घराला कुलूप लागलं. मी अंधारात पडून होतो. मित्रांनो, वाद्याला रडता येत नाही, त्याला कुणीतरी फुंकर घालावी लागते. ती फुंकर आता कायमची जाणार, असं मला वाटलं.

मास्तर वाचले, पण अगदी थोडक्यात. ते बोलू लागले तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून ढोल्या मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या सिस्टरनं दारातच अडवलं.

"आत काय आहे? ट्रम्पेट? शेवटचा कधी धुतला होता?"

"धुवायचा असतो?" ढोल्यानं विचारलं.

मी बंद पेटीतच खिडकीपाशी राहिलो. सिस्टर मास्तरांच्या उशाशी बसल्या.

"मास्तर, बँडमध्ये एखादा बेसूर वाजवायला लागला, तर कार्यक्रम संपेपर्यंत ऐकून घेता?"

"छे! तिथल्या तिथे थांबवतो."

"मग अंग बेसूर झाल्यावर गप्प का बसलात? या औषधानं रक्तातल्या लढणाऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी ताप म्हणजे धोक्याची घंटा. तुम्ही गोळी घेऊन घंटेलाच फडकं गुंडाळलंत."

मास्तरांनी आधी वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, सांगितलं तर औषध बंद कराल. आणि हिला वाटेल, मी खचलो."

वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दगडाशी संसार नको मला. दुखलं तर दुखलं म्हणणारा माणूस हवाय."

त्या दवाखान्यात सिस्टर पेशंटची शाळा भरवत. छोटी खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फळा. पेशंटनं घरच्या एका माणसाला सोबत आणायचं. सिस्टर आधी शिकवत आणि मग म्हणत, "समजलं म्हणू नका. आता तुम्ही मला शिकवा." घरी जाण्याच्या दिवशी मास्तर, वहिनी, ढोल्या आणि पेटीतला मी, असे सगळे तिथे होतो.

"मास्तर, उलटीची गोळी कधी घ्यायची?"

"उलटी झाल्यावर."

"म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडायची?"

सगळी खोली हसली. मास्तरही हसले. कितीतरी दिवसांनी ते हसणं मी ऐकलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची, पोट ढवळायची वाट बघायची नाही, हे त्यांनी मग स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मऊ ब्रश वापरायचा. मीठ-सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा चूळ भरायची. एकदम ताटभर न जेवता थोडं थोडं खायचं. थकवा आला तरी जमेल तितकं चालायचं. आणि ताप शंभराच्या वर गेला की मनानं गोळी नाही, आधी फोन!

"आणि वाजवायचं कधी?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तोंड बरं होऊ द्या, रक्ताचा रिपोर्ट चांगला येऊ द्या, डॉक्टरांना विचारू. तोवर तुमच्या या दोस्ताला आंघोळ घाला."

घरी वहिनींनी मला साबणाच्या पाण्यात बुडवलं. माझ्या नळ्यांतून हिरवट गाळ निघाला.

"अगं बाई! हे पोटात ठेवून तुम्ही दोघं लोकांच्या टाळ्या घेत होता?"

मी पितळेचा असूनही लाजेनं तांब्यासारखा लाल झालो.

पुढच्या औषधांच्या वेळी त्रास झालाच, पण तो सांगितला गेला. तोंडात जळजळ सुरू होताच फोन झाला आणि लावायचं औषध मिळालं. मास्तर आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले, मग बागेपर्यंत. जेवायला बसल्यावर पुन्हा थट्टा सुरू झाली.

एका दुपारी परत अंग तापलं. मास्तरांचा हात सवयीनं गोळ्यांच्या डब्याकडे गेला. तो मध्येच थांबला.

"अगं, थर्मामीटर आण. आणि फोन लाव. मला बरं वाटत नाहीये."

मित्रांनो, मी खूप धुना वाजवल्या आहेत. पण त्यांच्या तोंडून "मला बरं वाटत नाहीये" ऐकण्याइतका आनंद मला कुठल्याच धुनेनं दिला नव्हता! ते वेळेत पोचले, लगेच औषध मिळालं आणि या खेपेला मास्तर स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले.

उपचार अजून संपले नव्हते. तरी एका रविवारी, डॉक्टरांची परवानगी घेऊन, मास्तर चौथऱ्यावर खुर्चीत बसले. डोक्यावर केस नव्हते, अंगावर कोट सैल झाला होता. पुढच्या रांगेत शाळेतले पेशंट आणि सिस्टर. मास्तरांनी श्वास भरला. पहिला सूर किंचित कापला. दुसरा ठाम लागला. तिसऱ्याला झाडांवरचे पक्षी उडाले! ढोल्या रडता रडता ताल चुकला आणि मास्तरांनी त्याच्यावर तिथल्या तिथे डोळे वटारले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याला नुसतं "धीर धर" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. काय होतंय ते विचारा आणि दवाखान्यात कळवायला त्याला मदत करा. सोसण्यात शौर्य आहे, असं आम्ही फार वर्षं मानलं. वेळेवर सांगण्यात त्याहून मोठं शौर्य आहे.

आज आम्ही पुन्हा सिस्टरच्या शाळेत आलो आहोत. औषधं संपली, तरी मास्तर इथे येतात. समोर एक नवे काका मान खाली घालून बसले आहेत. आत्ताच म्हणाले, "चाललंय, सोसतोय." मास्तर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आहेत आणि विचारत आहेत, "दुखतंय कुठे? सांगा तरी."

काका सांगू लागले आहेत.