नीसचे चार दिवस

जूनमध्ये, सातव्या महिन्यात, रत्नाचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर टेक्ससमधल्या अर्विंगच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये नवरा-बायको दोघंही जपून वावरत होती. भात लावू का, एसी कमी करू का, एवढंच बोलणं. बाळंतपणासाठी नागपूरहून आई यायची होती, तिचं तिकीट सत्यजितनं कॅन्सल केलं. आई तरीही यायला तयार होती, पण रत्नानंच नको म्हटलं. आई आली असती तर दोघींनी एकमेकींसमोर न रडण्यातच सगळा वेळ घालवला असता.

जुलैच्या मध्यावर सत्यजित ऑफिसातून आला तो प्रिंटआउट घेऊन. आपण नीसला जाऊ या म्हणाला. फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, चारच दिवस. सप्टेंबरच्या सुरुवातीची लेबर डेची सुट्टी जोडून घेतली की रजाही फार लागणार नाही. रत्ना ‘बरं’ म्हणाली, कारण ‘नको’ म्हटल्यावर जे बोलावं लागलं असतं ते बोलायची तिच्यात ताकद नव्हती.

सत्यजितनं आजवर एकही ट्रिप स्वतः ठरवली नव्हती. मित्र ठरवायचे, हा गाडी चालवायचा. आता मात्र तो रोज जेवणानंतर टेबलाशी बसून वाचायचा आणि तिला सांगायचा. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, म्हणून जाड तळाचे बूट घ्यावे लागतील. जुन्या गावात हरभऱ्याच्या पिठाचं मोठं पातळ काहीतरी भाजून विकतात, अगदी आपल्या धिरड्यासारखं, तेव्हा तुझे खायचे हाल होणार नाहीत.

एकदा रत्नानं आपण होऊन विचारलं, “खोलीतून समुद्र दिसतो का रे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हॉटेलला फोनच लावला. पलीकडच्या बाईंना इंग्लिश जेमतेम येत होतं. बऱ्याच वेळानं फोन ठेवून तो म्हणाला की दिसतो, पण बाल्कनीतून बरंच वाकावं लागतं. रत्ना हसली. तोही हसला. मग दोघंही एकदम गप्प झाली, काहीतरी चुकीचं करताना सापडल्यासारखी.

व्हिसाचा फॉर्म भरताना तिनं तारखा नीट पाहिल्या. दोन सप्टेंबर ते सहा सप्टेंबर. डॉक्टरांनी बाळासाठी दिलेली तारीख पाच होती. रत्नानं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि सही केली. हा विसरला, एवढंच तिच्या मनात आलं. याला त्या आठवड्यात फक्त लाँग वीकेंड दिसला.

फ्रेंच कॉन्सुलेट ह्यूस्टनला होती, चार तासांचा रस्ता. खिडकीतल्या बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. सोबत मुलं आहेत का, असंही विचारलं. सत्यजित निर्विकार आवाजात ‘नाही’ म्हणाला. तो निर्विकार आवाज रत्नाला सोसला नाही. परतताना तासभर ती बाहेर बघत राहिली. मग एका गॅस स्टेशनवर त्यानं गाडी थांबवली, तेव्हा म्हणाली, “पाच तारखेला काय आहे, लक्षात आहे तुझ्या?”

“आहे.”

“मग?”

“म्हणून तर,” तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. “त्या दिवशी घरात कसं बसायचं, मला कळत नव्हतं. कुठेही जायचं होतं यार. नकाशावर समुद्र दिसला.”

मग तो पुढे सांगू लागला. ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा त्यानं पाळणा दुकानात परत नेला होता. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काही खराब निघालं का? तो ‘साइज चुकला’ म्हणाला आणि पार्किंगमध्ये गाडीत तासभर बसून राहिला. कपाटातला तो मोठा खोका कुठे गेला, हे रत्नानं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

“मला त्या दिवशी घरीच राहायचंय,” ती म्हणाली. “तू असशील तर.”

त्यानं मान हलवली आणि मग, जूननंतर पहिल्यांदाच, तो तिच्यासमोर रडला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा रत्नानं त्याला बाजूच्या सीटवर यायला सांगितलं आणि अर्विंगपर्यंत तिनंच ड्राइव्ह केलं.

पासपोर्ट व्हिसा लागून आले, पण तिकीट त्यांनी काढलंच नाही. पाच सप्टेंबरला दोघांनी रजा घेतली. सकाळी वरण-भात केला, जेमतेम खाल्ला. दुपारी रत्ना म्हणाली की हॉस्पिटलच्या कागदावर नुसतं ‘बेबी गर्ल’ आहे आणि पुढे आपलं आडनाव. आधी नाव ठरवायचं नसतं म्हणून आपण ठरवलं नव्हतं. आता ठरवू या. फार वेळ लागला नाही. दोघांच्याही मनात एकच नाव होतं आणि दोघांनीही ते तोवर लपवून ठेवलं होतं.

संध्याकाळी, म्हणजे नागपूरला सकाळ झाल्यावर, तिनं कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून आईला फोन केला.

“आई, तिचं नाव सई ठेवलंय.”

आई म्हणाली, “सई. बरं झालं सांगितलंस गं. देवापुढे रोज नुसतं ‘रत्नाचं बाळ’ म्हणत होते मी.”

रत्नानं फोन सत्यजितकडे दिला आणि ती तिथंच, त्याच्या खांद्याला टेकून, बसून राहिली.