परतीची बंदरं

“हे काय आहे, काका?” स्पीचवाल्या मॅडमनी संत्रं वर धरलं.

तपासणीच्या खाटेवर बसलेले काका त्याच्याकडे नुसते बघत राहिले. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. सुचवायचं नाही, खुणावायचं नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत, अशी मॅडमनी आधीच तंबी दिली होती. घरातल्या वस्तूंची नावं काकांना आज सांगता आली, तरच त्यांना वॉर्डात ठेवून बोलायला शिकवणार होते. वॉर्डातली रिकामी खाट एकच होती आणि बाहेर रांग. चमचा झाला, कंगवा झाला, किल्ली झाली. काकांनी तोंड उघडलं नव्हतं. आता उरलं होतं ते संत्रं.

“सिनासापल,” काका म्हणाले.

काकूंच्या शेजारी उभ्या असलेल्या लेकीने आईचा दंड धरला. “आई, बाबा बरळायला लागले गं.”

काकूंनाही तसंच वाटलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकांच्या तोंडून असंच काहीबाही निघायचं, आणि शेजारीपाजारी मान हलवून निघून जायचे.

“नीट बघा, काका. काय आहे हे?”

“लारांजा.”

आता मात्र काकू ताठ झाल्या. हा शब्द त्यांनी ऐकला होता, आणि एकदा नाही, कान किटेपर्यंत! काका जन्मभर मालवाहू बोटीवर आचारी. वर्षातून दोन महिने घरी यायचे ते पाहुण्यासारखे, आणि आले की जेवण झाल्यावर संत्रं सोलत भाषण सुरू. “अगं, आपलंच नारिंग हे! अरबांच्या हाती लागलं, तिथून स्पेनला जाऊन नारांखा झालं, शेजारच्या पोर्तुगीजांकडे लारांजा झालं. मग पोर्तुगीजांनी त्याची गोड जात बोटी भरभरून विकली, तर गिऱ्हाइकांनी फळालाच त्यांच्या देशाचं नाव दिलं! ग्रीक म्हणतो पोर्तोकाली, तुर्क म्हणतो पोर्ताकाल, अरब म्हणतो बुर्तुकाल. आणि वरचा डच म्हणतो, छे, हे तर चीनचं सफरचंद, सिनासापल! माहेर एक आणि सासरची नावं छप्पन्न!” त्यावर काकू म्हणायच्या, “कळलं हो. त्या शब्दांचं काय लोणचं घालायचंय? खा मुकाट्याने.”

“नारांखा,” काका म्हणाले. कपाळावर घाम आला होता. “पोर्तोकाली.”

डच, पोर्तुगीज, स्पेन, ग्रीस. काकूंनी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. बोट परत फिरली की याच क्रमाने बंदरं यायची.

“अगं, बरळत नाहीयेत ते,” त्या लेकीच्या कानात म्हणाल्या. “घरी यायला निघालेत!”

“काकू, प्लीज,” मॅडम म्हणाल्या.

“पोर्ताकाल.” काकांनी श्वास घेतला. “बुर्तुकाल.”

झालं, अरबांचं बंदर आलं, आता घरापर्यंत मध्ये एकही बंदर नव्हतं. इथूनच काकांचा फोन यायचा, पुढचा मुक्काम घरी म्हणून. काकूंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. या हो, या. एवढ्या लांबून आलात, आता दारात अडू नका.

काकांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. “बुर्तुकाल.” त्यांनी डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली. “बुर्तुकाल! बुर्तुकाल!” आणि हा एवढा मोठा माणूस घळाघळा रडायला लागला.

मॅडमनी संत्रं टेबलावर ठेवलं.

“मॅडम, सगळे खरे शब्द आहेत हो ते,” काकू म्हणाल्या. “संत्र्याचेच आहेत. मी सांगते ना!”

“असतील, काकू. मला पटतंय. डोकं जागं आहे त्यांचं.” मॅडमचाही आवाज उतरला होता. “पण बाहेरच्या रांगेतली एक पोरगी तीन वस्तू ओळखते. तिला आधी घ्यायला हवं. काकांना घरी न्या, बोलतं ठेवा. खाट रिकामी झाली की मी स्वतः कळवीन.”

लेक तरातरा पुढे झाली. “अहो, पण आणखी एकदा विचारा ना! माझे बाबा आहेत ते!”

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “किती हाका मारायच्या त्यांना? दमले ते.”

त्या उठल्या आणि खाटेवर काकांजवळ जाऊन बसल्या. आजवर तेच येत आले, त्यांच्याकडे जायला आपण कधी उंबरा ओलांडला नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी संत्रं सोललं, एक फोड मोकळी केली आणि काकांसमोर धरली. काका घाबरून बघायला लागले. वाटलं असेल, आता हीसुद्धा विचारणार.

“बुरतकाल,” काकू म्हणाल्या.

काकांचं रडं थांबलं. त्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली. “बुर्‌-तु-काल,” ते सावकाश म्हणाले.

“बुर्तुकाल,” काकू म्हणाल्या. तेव्हा काकांनी तोंड उघडलं आणि फोड घेतली.