मागे घर नसलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, पण माझ्यामागे घर कधीच नव्हतं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या एका बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्यात फिदेंसियो सुताराने मला प्लायवूडची बनवली. पुढून हिरवा रंग, मागून नुसत्या फळ्या आणि खिळे.

मला बनवून घेतलं नेरेइदाने. ती चित्रकार, सिनेमेही काढते. खऱ्या जागेची हुबेहूब नक्कल उभारायची आणि तिच्यात खरी माणसं आणून बसवायची, ही तिची रीत. या वेळी तिने स्वतःच्याच घराचं स्वयंपाकघर उभं केलं. माझ्यावर तेलाचे डाग पाडायला तिला तीन दिवस लागले. येणारेजाणारे कौतुक करत. मला त्याचं काही वाटलं नाही. मला तसं कशाचंच फारसं वाटत नाही.

मला टेकून मृतांच्या दिवसाची मांडणी केली होती. झेंडू, मेणबत्त्या, प्लास्टरचा पाव आणि मधोमध ओसिएलचा फोटो. ओसिएल हा नेरेइदाचा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून निघाला, तो परतलाच नाही. त्या दिवशी मेलेली माणसं घरी जेवायला येतात म्हणे, म्हणून आमच्याकडे मांडणीवर फक्त मेलेल्यांचे फोटो ठेवतात. बेपत्ता माणसाचा ठेवला, की तो मेला हे घरच्यांनीच कबूल केलं. म्हणून त्याच्या आईने, दोन्या एउलालियाने, घरी तो फोटो कधी मांडू दिला नव्हता. नेरेइदाला मात्र आता वाट पाहणं सोसत नव्हतं.

चित्रीकरणाच्या दिवशी आई आली आणि आधी मलाच नावं ठेवू लागली.

"अगं, हा डाग इकडे कुठे काढलास? आपला शेगडीच्या डावीकडे आहे. डोळे आहेत की बटणं?"

मग तिला फोटो दिसला.

"अमा," नेरेइदा घाईघाईने म्हणाली, "हे सगळं खोटं आहे गं. घर खोटं, भिंत खोटी. पावसुद्धा प्लास्टरचा आहे."

आईने बोटाने मला ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. ती रडली नाही, ओरडलीही नाही. न्याहारीसाठी आणलेला पाव तिने पिशवीतून काढला.

"मग त्याने खायचं काय? तुझं प्लास्टर?"

प्लास्टरचा पाव उचलून तिने तिथे खरा ठेवला.

सिनेमा गाजला. मी त्या फोटोसकट गोदामात आले. रंगाचे पोपडे निघाले, उंदरांनी कोपरा कुरतडला. दरवर्षी मृतांच्या दिवशी म्हातारी येते, फोटो पुसते, पाव ठेवते. मग घरी जाऊन ओसिएलचं ताट वाढते आणि दाराची कडी काढून ठेवते. इथे तो मेला आहे, तिथे अजून यायचा आहे. याचं मला दुःख होत नाही. मी फक्त उभी राहते.

आता गोदामाचा मालक मला जळणाला द्यायचं म्हणतोय. मित्रांनो, त्याला कुणीतरी थांबवा. माझ्या फळ्यांची मला पर्वा नाही. पण मला तोडलं, तर म्हातारीला तो फोटो घरी न्यावा लागेल.