टर्कीच्या बदली कोंबडा

आमच्या रिनाने फोनवर सहज सांगितलं, "आई, मेल्विनकडे नाताळला टर्की असते हं," आणि रमिलाबाईची झोप उडाली. रमिलाबाई म्हणजे माझी बायको. मी इंद्रसिंग. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, नखरे करणाऱ्या प्रवाशांना विसरवाडीच्या नाक्यावर खाली उतरवलं. हा प्रवासी मात्र उतरवता येण्यासारखा नव्हता. रिना सुरतेला नर्स आहे, मेल्विन त्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो, मूळचा वसईचा, आमच्यासारखाच ख्रिस्ती. नाताळला तो आमच्याकडे जेवायला येणार होता आणि रिनाला मागणी घालणार होता. "जेवणानंतर बघू," एवढंच मी म्हणून ठेवलं होतं. खरं सांगतो, मला नाहीच म्हणायचं होतं. मुलगा वाईट होता असं नाही. एकुलती एक पोर पार समुद्राकाठी द्यायची माझी तयारी नव्हती, बस्स.

टर्की शोधायचं काम माझ्या मेव्हण्याकडे, नवलसिंगकडे गेलं. आमची घरातली बोली मावची, पण हा नाक्यावर ट्रकची पंक्चरं काढतो, त्यामुळे गिऱ्हाइकांची अहिराणी त्याच्या तोंडात बसलीय. खापर गावाच्या पुढे कुणाच्या तरी मळ्यात एक टर्की आहे असं त्याला समजलं. गडी मोटरसायकल काढून गेला आणि पँट फाडून परत आला.

"दाजी, ती इकाऊ नही शे, मालकनी शोभाकरता ठेयेल शे," तो म्हणाला. "मी तिले नुसती दखी ऱ्हायंतू, तं ती मन्हाच मांगे धावनी!"

"मग बदक?" रमिलाबाईने विचारलं.

"बदक सोलता सोलता ईस्टर येईल," मी म्हणालो.

"रानात मोर आहेत."

"मोर मारून नाताळ जेलात करायचा का?"

बोकडाचं नाव निघालं तेव्हा मी म्हणालो, पाहुणा एक आणि बोकड अख्खा, हे शोभतं का? मी प्रत्येक गोष्टीत खोडा घालत होतो. जेवण फसलं की मागणीही फसेल, एवढाच माझा डाव होता.

शेवटी रमिलाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझा तांबडा कोंबडा आहे ना? वर्षभर मक्यावर पोसलाय. टर्कीने त्याच्यापुढे पाणी भरावं!" त्या कोंबड्यात मला खोट काढता आली नाही. होताच तसा तो.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाहुण्यासाठी कोंबडा कापायचा तर घरच्या कर्त्याने तो आधी जिवंत पाहुण्याच्या हातात द्यायचा. पाहुणा तोलून बघतो, "कापा" म्हणतो आणि परत देतो. मागाहून कुणी म्हणायला नको की मरतुकडं खाऊ घातलं. कोंबडा परत न देता ठेवून घेतात तो एकाच प्रसंगी, सोयरीक ठरताना. मुलीच्या बापाने दिला आणि मुलाने काखेत मारला, की सोयरीक पक्की. ही रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, म्हणून मेल्विनला ती सांगावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

नाताळच्या सकाळी चर्चमधली भक्ती आटोपली. रिना तिथेच चहा वाटायला थांबली होती, तेवढ्यात मेल्विनची गाडी दारात आली. पाणी दिलं आणि मी रीतीप्रमाणे कोंबडा त्याच्या हातात ठेवला.

"मला?" त्याचे डोळे भरून आले. "काका, मला आजपर्यंत कुणी एवढं सुंदर काही दिलं नाही." आणि त्याने कोंबडा काखेत मारला.

मी घाईघाईने दोन्ही हात पुढे केले. त्याला वाटलं मी नाताळच्या शुभेच्छा देतोय. मोकळ्या हाताने त्याने माझा हात गदागदा हलवला. मग आईला व्हिडिओ कॉल लावला.

"केवढा तुरा बाई त्याचा! नीट आण रे, मी पाळीन त्याला," त्याची आई म्हणाली.

"टर्की काही मिळाली नाही हो," रमिलाबाई फोनमध्ये ओशाळून बोलली.

"टर्की? ती तर आम्ही बघितलीसुद्धा नाही! आमच्याकडे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंद्याल असतं. याने बढाई मारली असेल!"

मेल्विनचे कान लाल झाले. माझ्या मनात मात्र नाताळचा बँड वाजला. सापडली खोट! मुलगा थापाड्या निघाला!

पण तोवर शेजारच्या गुलाबबाईने त्याच्या काखेतला कोंबडा बघितला होता. "रिनाची सोयरीक झाली होऽऽ!" तिने अशी आरोळी ठोकली की चर्चमधून सगळी माणसं सरळ आमच्या अंगणात. सगळ्यांच्या पुढे रिना, धावत, धापा टाकत. ती माझ्या गळ्यातच पडली.

"बाबा, मला वाटलं होतं तुम्ही नाहीच म्हणाल."

मी नवलसिंगला खुणावलं, पाहुण्याला रीत समजावून सांग. त्याने मेल्विनला पेरूच्या झाडाखाली नेलं. मला लांबूनच दिसलं, पोराचा चेहरा पडत गेला. मग तो कोंबडा घेऊन सगळ्यांदेखत माझ्यासमोर उभा राहिला.

"काका, मला माहीत नव्हतं. तुम्ही मनापासून दिला नसेल तर हा माझा नाही. घ्या."

मी कोंबडा घेतला. आता मी तो फक्त कापायला द्यायचा होता. जेवण झालं असतं आणि पोरही लांब गेली नसती. मी रिनाकडे बघितलं. ती भांडली असती तर मी तिला पुरून उरलो असतो, पण ती माझ्याकडे न बघता आत गेली आणि ताटं मांडू लागली. मोठेपणासाठी टर्कीची थाप मारणारा हा पोरगा हातात आलेली सोयरीक मात्र चोरून घ्यायला तयार नव्हता. मला त्याचा रागच आला. चांगल्या माणसाला नाही कसं म्हणतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"धर," मी म्हणालो. "आणि काखेत नीट धर, निसटला तर सापडायचा नाही."

गुलाबबाई पुन्हा ओरडली. रमिलाबाई डोळे पुसत चुलीकडे पळाली, कारण घरात तुरीची डाळ, भात आणि सुके बोंबील सोडून काहीच नव्हतं. मी आत गेलो. रिनाच्या हातातलं ताट मी घेतलं.

"दर नाताळला यायचं," मी म्हणालो.

"येईन बाबा."

नर्सला सणाची सुट्टी कुठली मिळते? दर नाताळला काही ती येणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही. पण ती "येईन" म्हणाली, ते मी ठेवून घेतलं.