सोनखवल्याची गाभोळी

सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. चक्कर येते म्हणून तीन दिवस ती कामावर गेली नव्हती. मत्स्यबीज केंद्रात टाक्या घासायच्या, मासे सांभाळायचे, हे तिचं काम; केंद्राची एक किल्लीही तिच्याकडेच असे. तिथल्या एका टाकीत सोनखवल्या माशाची जोडी होती. नदीवर धरण झालं, तळाची वाळू उपसून नेली, अंडी घालायला जागाच उरली नाही. जे राहिले ते लोकांनी विषारी पावडर टाकून मारले. केंद्रातल्या मॅडमना आठ वर्षं नदी धुंडाळून एवढी एकच जोडी सापडली होती. मादी अंड्यांवर आली होती. सून स्वतःच्या दिवसांबरोबर तिचेही दिवस मोजत होती.

घरी सासूबाईंचं एकच टुमणं. सोनखवल्याची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, खाल्ली की मुलगाच होतो! त्यांना त्यांच्या सासूने खाऊ घातली आणि मुलगा झाला. त्याआधी तीनदा खाऊन मुलीच झाल्या, हे मात्र त्या कुणाला सांगत नसत.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी स्वतः ताट वाढलं. "खा गं बाई, गरम आहे तोवर. अंगात त्राण नाही तुझ्या."

सुनेला भरून आलं. दुसरी मुलगी झाल्यापासून या घरात तिला इतक्या मायेनं कुणी वाढलं नव्हतं. तिने कालवणाचे दोन घास खाल्ले.

एवढ्यात धाकटी नाचत आली. दोन्ही गालांवर खवले चिकटवलेले. "आई, बघ माझी चमकी!"

बाटलीच्या झाकणाएवढे, पिवळेधमक खवले. या नदीत एवढा खवला एकाच माशाचा. सुनेच्या हातातला घास ताटात पडला. दारात नवरा मान खाली घालून उभा होता.

"केंद्राची किल्ली घेतलीत तुम्ही?"

"आईच्या डोळ्यांतलं पाणी बघवेना," तो पुटपुटला. "मासाच तर होता."

"वंशाला दिवा नको का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि या दोघी कोण आहेत?"

थोरलीने धाकटीच्या गालांवरचे खवले हळूच काढले, जणू त्या दोघींचंच काही चुकलं होतं.

सून ताटावरून उठली ती तडक केंद्रात गेली. घडलं ते सगळं तिने लिहून दिलं, नवऱ्याच्या नावासकट. "मीही दोन घास खाल्ले. तेही लिहिलंय," ती म्हणाली.

मॅडम टाकीच्या कठड्यावर बसून होत्या. पाण्यात नर एकटाच गोल गोल फिरत होता.

"दुसरी मादी मिळेल?"

"शोधू. पण मला नाही वाटत."

"मग हा?"

"जगेल बारा-पंधरा वर्षं. एकटाच."

संध्याकाळी ती परतली तेव्हा शेजारच्या मावशी वाटी घेऊन दारातच उभ्या. "गाभोळी आणली म्हणे तुमच्याकडे? असेल तर दे गं थोडी. माझ्या सुनेलाही दोन मुलीच."

सुनेने ती रिकामी वाटी पाहिली.

"मावशी, तुमच्या सुनेला बोलवा बाहेर. मला तिच्याशी बोलायचंय."