फ्रिज, कूलर, पंखा, माठ

मी बुद्धिमत्ता चाचणीतला एक प्रश्न बोलतोय. आजवर मी पोरांना विचारत आलो, आज माझंही ऐकून घ्या. डोकं तापलेलं आहे माझं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म शेखरसरांच्या बैठकीत झाला. एसी चालू होता, समोर चहा होता. एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी त्यांना प्रश्न काढायचे होते. चहा संपायच्या आत त्यांनी मला लिहून मोकळं केलं. गटात न बसणारे पद ओळखा : फ्रिज, कूलर, पंखा, माठ. उत्तर माठ, कारण बाकीचे विजेवर चालतात.

छापण्याआधी शहरातल्या आणि खेड्यातल्या पाचवीच्या पोरांकडून मला सोडवून घेतलं. दोन्हीकडे बरोबर उत्तरं जवळपास सारखी आली. सर खूश झाले. हा प्रश्न कोणावर अन्याय करत नाही, असं म्हणाले.

साफ खोटं. मी त्या पोरांच्या हातात होतो, मला विचारा ना. खेड्यातल्या कच्च्या पोरांनी माठावर खूण केली, कारण चौघांत तोच जास्त ओळखीचा होता. विचारबिचार काही केला नव्हता. हुशार पोरं मात्र थांबली, वर पाहिलं आणि पंखा लिहून आली. मे महिन्यात टिनाच्या घरात पंखा लावून पाहा, आग ओकतो नुसता. बाकीचे तिघं गारवा देतात, पंखा आहे तीच हवा फिरवतो. यात काय चुकलं? पण कच्च्यांचा फायदा आणि हुशारांचा तोटा एकत्र ढवळला की बेरीज सारखीच दिसणार.

खामगावच्या चारुलताबाई तपासणी समितीवर होत्या. त्या एकट्या बोलल्या.

"सर, सगळी मुलं एका पोत्यात भरू नका. बाकी प्रश्नांत सारखे गुण असलेली मुलं समोरासमोर ठेवून पाहा. वरच्या गटात खेड्यातलीच चुकतायत."

सर हसले. एका प्रश्नानं असं काय होतं, म्हणाले, आणि पुढचा प्रश्न घेतला.

काय होतं ते धामणगाव बढेच्या महामायाला विचारा. तिचे वडील प्रसेनजित गवंडीकाम करतात. लोकांच्या घरांवर स्लॅब टाकतात, स्वतःच्या घरावर टिन आहे. त्या निवासी शाळेसाठी पोरीनं वर्षभर मान मोडून अभ्यास केला. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. माझ्यापाशी येऊन ती थांबली, डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि पंखाच लिहिला. मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं, पण छापलेल्याला तोंड कुठलं.

प्रवेश एका गुणानं हुकला. उत्तरसूची आली तेव्हा तिनं वडिलांना विचारलं, "पप्पा, पंखा कुठं थंड करते? तो तं गरम हवाच फेकते."

प्रसेनजितनी उत्तरसूची हातात घेऊन माझ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुह्यं बराबर हाय, बेटा. पण त्यायच्या कागदावर माठ हाय."

मला लाज वाटली नाही, राग आला. ज्यांनी मला असं घडवलं त्यांचा, आणि माझं माप घ्यायला बसून सरासरीवर समाधान मानणाऱ्यांचा. सर्वांत नीट विचार करणारी पोर निवडायला मला पाठवलं आणि नेमकं तिलाच मी दारातून परत पाठवलं.

आता मी सराव पुस्तकांतही शिरलोय. परवा गावच्याच शाळेत सहावीच्या वर्गात पुन्हा महामायासमोर आलो. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. सरळ माठावर खूण केली.

शेजारच्या सुचितानं विचारलं, "काऊन वं, तू तं पंखा म्हणत होती?"

"त्यायले माठच पायजे," ती म्हणाली आणि पान उलटलं.

वर्गावरच्या बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट उत्तर होतं ते.

मला खोडून टाका. पुढची एखादी पोर वर पाहायचं सोडून देण्याआधी खोडून टाका.