आता तू

मी वॉकीटॉकी बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, आज जरा माझं ऐका. आवाज खरखरीत आहे, चालवून घ्या. तरुणपणीही काही गोड नव्हता.

आम्ही जुळे भाऊ. एकाच खोक्यात, दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. काडीच्या मामानं तिच्या वाढदिवसाला आम्हाला घरी आणलं. काडी म्हणजे शाळकरी पोर, हातपाय आगपेटीतल्या काडीसारखे आणि डोकं तसंच भडकणारं. मी तिच्याकडे राहिलो. माझा भाऊ गेला भिंतीपलीकडच्या ढब्बूकडे. ढब्बू तिच्याच वर्गातला, गुबगुबीत, चार पावलं पळाला की धापा टाकणारा.

माझी एक खोड आधीच सांगून ठेवतो. बटण दाबून धरलं की माझ्यातून बोलता येतं, पण तेवढा वेळ मी ठार बहिरा. पलीकडचा कितीही ओरडो, मला कळत नाही. पहिल्याच दिवशी दोघं एकदम बोलत सुटले, कुणालाच काही ऐकू आलं नाही आणि भांडण जुंपलं. शेवटी ढब्बूनं नियम काढला: आपलं बोलून झालं की ‘आता तू’ म्हणायचं आणि बटण सोडायचं.

मग काय, सगळी गल्ली आमची. घास घशाखाली उतरला की दोघं बाहेर. काडी पाण्याच्या टाकीवर, ढब्बू विटांच्या ढिगाऱ्यामागे.

“शत्रू दिसतोय का? आता तू.”

“शत्रू नाही, तुझी आई दिसतेय. हातात चप्पल आहे. आता तू.”

मी चिखलात पडलो, गटारात पडलो, एकदा तर कुत्र्यानं मला तोंडात धरून गल्लीभर मिरवलं. पण ते सुख पुन्हा नाही मिळालं.

ढब्बूच्या वडिलांची बदली झाली. काडीला इतका राग आला की निघायच्या दिवसापर्यंत तिनं त्याच्याशी अबोला धरला. सकाळी सामानाचा ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, तशी मला घेऊन ती टाकीवर धावली आणि बटण दाबलं.

“जा तू! मला काही फरक पडत नाही. मला दुसरा मित्र मिळेल, नीट पळता येणारा.”

आणि मग तिला रडू कोसळलं. रडत रडत बोलतच राहिली. नको जाऊस म्हणाली, मी खोटं बोलले म्हणाली. बटण मात्र सोडेना. ट्रकच्या खिडकीत ढब्बू दिसत होता, माझा भाऊ तोंडाशी धरून तोही काहीतरी सांगत होता. मी आतून तळमळत होतो. अगं बाई, अंगठा उचल, त्याचं ऐक! पण मला माझं बोलता कुठे येतं?

तिनं बटण सोडलं तेव्हा ट्रक कोपऱ्यावरून वळून गेला होता. माझ्यात नुसती खरखर उरली होती.

तो काय म्हणाला, हे तिला कधीच कळलं नाही. त्यानं तिचं ‘जा तू’ ऐकलं, की ‘नको जाऊस’, की काहीच नाही, हेही देव जाणे. सुरुवातीला ‘तो आधी बोलेल’ म्हणून ती थांबली. मग ‘आता काय बोलायचं’ म्हणून. मी माळ्यावर गेलो, पोटातले सेल गळले, गंज चढला. खाली काडी मोठी झाली, नोकरीला लागली, केस पांढरे व्हायला लागले.

आज सकाळी खाली फोन वाजला. मग तिच्या आईचा आवाज आला, “काडे, आपला ढब्बू गेला गं. झोपेतच.”

काडी उठली. स्टूल घेऊन माळ्यावर चढली, खोकी उलथीपालथी करून तिनं मला शोधलं. ब्लेडनं गंज खरवडला, नवे सेल घातले. मला वाटलं होतं, आता काही मी उठत नाही. पण उठलो.

गुडघे धरत ती टाकीवर चढली. मला तोंडाशी धरलं, बटण दाबलं. किती वर्षांचं साचलेलं, आता बांध फुटणार म्हणून मी सावरून बसलो. ती एवढंच म्हणाली,

“आता तू.”

आणि अंगठा उचलला.

तेव्हापासून ती मला कानाशी धरून बसलीय. पलीकडे कुणी नाही, हे तिला ठाऊक आहे, मलाही. सेल आहेत तोवर मी खरखरत राहीन. टाकीच्या बाजूनं कुणी जाणार असाल तर जरा हळू जा. तिचं ऐकणं चाललंय.